नाणेघाटातली नावं

नाणेघाटातल्या लेण्यात मी पहिल्यांदा मुलं नेली ती 1991 च्या जानेवारीत. पश्चिम आंबेगावातली आमची वाडीवरची शाळा, चार वर्ग आणि मी एकटी बाई. घोडेगावहून जुन्नर, जुन्नरहून घाटघरची एसटी आणि पुढं पायी. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. त्यात डोकावून झाल्यावर मुलं लेण्यात शिरली. समोरच्या भिंतीवर वरच्या अंगाला अक्षरं कोरलेली आहेत. मी एकेक नाव वाचून दाखवलं: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. तिसरीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, पण मान्सं कुठंयत? ही तर निस्ती नावंच हायेत."

माणसं होती. सातवाहन घराण्यातल्या या मंडळींच्या मूर्ती त्या भिंतीत कोरलेल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर ज्याचं त्याचं नाव होतं. मूर्ती गेल्या, तळाशी पावलांच्या जागी थोडे अवशेष राहिले, आणि वरची नावं तेवढी दोन हजार वर्षं टिकली. खाली चित्र, वर अक्षरं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवणारा कुणीतरी. कोकणातून बैल हाकत वर चढलेल्या व्यापाऱ्याला ब्राह्मी वाचता येत असेलच असं नाही. पण मूर्तीकडं बघून आणि कानानं नाव ऐकून त्याला 'नागनिका' या चार अक्षरांची ओळख पटत असणार. चित्र पाहत, गोष्ट ऐकत भाषा शिकण्याचा आमच्या मुलखातला सर्वांत जुना वर्ग मला त्या भिंतीवर दिसतो.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लांबलचक लेख आहे. नागनिका राणीच्या काळात झालेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची ती यादी. 1,700 गाई, 10 हत्ती असे आकडे त्यात अंकांत कोरलेले आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. कर्नल साइक्सनं 1828 मध्ये हे लेणं पाहून त्याची नोंद केली. तेव्हा ती अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीचं कोडं सोडवलं आणि पुढं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथले आकडे आकडे म्हणून ओळखले. मुलांना मी हे सगळं सांगितलं, पण त्यांच्या लक्षात राहिले ते दहा हत्ती. परत आल्यावर त्या पोरानं पाटीवर सात माणसं काढली, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहिलं आणि मागं हत्तींची रांग काढली. तोवर त्याला जोडाक्षरं येत नव्हती. 'त्रणकयिर' त्यानं बिनचूक लिहिलं.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरीच्या पोटात, मानमोडीत, लेण्याद्रीला, तुळजा लेण्यांत. लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावं आहेत. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी आहेत. आणि तीन नावं यवनांची आहेत: इरिल, चित आणि चंद. कुणी पाण्याच्या पोढ्या दिल्या, कुणी भोजनमंडप, आणि भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचं दान चंदाचं आहे. हे लेख प्राकृतात आहेत, ब्राह्मी लिपीत आहेत. परमुलखातून आलेल्या घराण्यांतल्या माणसांनी आपलं नाव इथल्या भाषेच्या विभक्ती लावून इथल्या दगडात कोरून घेतलं. जुन्नर पेठेत कधीकाळी परकी माणसं आपली भाषा शिकली, हे मी वर्गात फार अभिमानानं सांगत असे. कारण माझ्या समोरची मुलं रोज नेमकं हेच करत होती आणि त्याचं कौतुक कुणाला नव्हतं.

माझी मुलं महादेव कोळी आणि ठाकर. घरी ती बोलत ती बोली आणि क्रमिक पुस्तकातली मराठी यांत अंतर होतं. पुस्तकात पावसाच्या पाठात छत्री असे. वाडीवर पाऊस म्हणजे डोक्यावरचं इरलं, राब भाजणं, आवणी, खाचराच्या मेरीवर चालणं. पुस्तकात बाग असे, फुलबाग. आमच्याकडं रान आणि रानातला हिरडा. शब्द कळत नाही म्हणून मूल गप्प बसे आणि गप्प बसलं म्हणून त्याच्या नावापुढं 'अप्रगत' असा शेरा पडे. मुलाला एक भाषा येत असताना त्याला भाषाच येत नाही असं लिहिण्यासारखा अन्याय नाही, असं मला तेव्हाही वाटे, आजही वाटतं.

मग मी चित्रं काढायला लागले. मोठ्या कॅलेंडरची जुनी पानं गावातून गोळा करायची, पाठच्या कोऱ्या बाजूवर चित्र. इरलं घेतलेली आजी, तिच्या शेजारी छत्री घेतलेली बाई. गोष्ट आधी मुलांनी त्यांच्या बोलीत सांगायची, मग मी तीच पुस्तकी मराठीत, आणि शेवटी चित्राखाली दोन्ही शब्द. त्यातूनच पुढं खोक्याचा टीव्ही आला. त्या काळात शिक्षक प्रशिक्षणात हे साहित्य सगळीकडं करत. पुठ्ठ्याच्या खोक्याला पुढं चौकोनी खिडकी, आत वर-खाली दोन काठ्या, त्यांवर गुंडाळलेली चित्रांची लांब पट्टी. काठी फिरवली की एकामागून एक चित्र सरकतं. वाडीत अजून वीज धड नव्हती आणि खरा टीव्ही अर्ध्या मुलांनी पाहिलेला नव्हता. तरी त्याला ती टीव्हीच म्हणत. काठी फिरवण्याचा मान मिळावा म्हणून भांडणं होत. सांगणारा मात्र लागेच. पट्टी नुसती फिरवली तर मुलं लगेच ओरडत, "आरं, बोल की!"

जपानची या सगळ्यात गाठ पडली ती एका पुस्तकामुळं. तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलं, आणि आम्हा शिक्षकांत ते हातोहात फिरलं. त्यातली आगगाडीच्या डब्यांची शाळा वाचून जपानी मुलं काय वाचतात, काय बघतात याची मला ओढ लागली. पुण्याला गेलं की जुन्या पुस्तकांत शोधायचं, कुणी जपानी शिकलेलं भेटलं की विचारायचं. असंच कधीतरी 'कामिशिबाई' कळली आणि मी चकित झाले, कारण तो माझा खोका होता.

कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. साधारण 1930 च्या सुमारास, मंदीत हाताला काम नसलेली माणसं टोकियोच्या गल्ल्यांतून सायकली घेऊन फिरू लागली. सायकलच्या मागं लाकडी चौकट, तीत चित्रांचे पुठ्ठे एकामागं एक लावलेले. नाक्यावर थांबायचं, दोन लाकडी दांड्या एकमेकींवर टक्‌टक् वाजवायच्या, पोरं धावत येत. आधी गोळ्या-मिठाई विकायची, त्यावरच पोट. घेणाऱ्याला पुढची जागा. मग एकेक चित्र बाजूला सरकवत गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आली की उरलेली उद्या. 'ओगोन बात', म्हणजे सोनेरी वटवाघूळ, हा त्यातला गाजलेला नायक. मजकूर पुठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलेला असे, मुलांना चित्र आणि सांगणाऱ्याला अक्षरं. 1953 मध्ये जपानात दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला नाव दिलं 'देन्की कामिशिबाई', विजेवरचं कागदी नाटक. आमच्या मुलांनी कागदाच्या खोक्याला टीव्ही म्हटलं आणि तिथल्या माणसांनी टीव्हीला कागदाचं नाटक. या दोन नावांचा मी किती दिवस विचार करत होते.

टीव्हीपुढं कामिशिबाईवाले मागं पडले, पण त्यांची चित्रं काढणाऱ्यांपैकी काही जण चित्रकथांच्या पुस्तकांकडं वळले. शिगेरू मिझुकी त्यांतले. त्यांचा स्मशानातला कितारो आधी कामिशिबाईत होता, मग मांगात आला. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ओसामू तेझुकांनी 1947 मधल्या 'शिन ताकाराजिमा'पासून तिला चित्रपटाची गती दिली आणि 1972 ते 1983 या काळात गौतम बुद्धाचं चरित्र मांगात रंगवलं. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मला ते हटकून आठवतं.

आपल्याकडंही चौकटीशेजारी बसून सांगणारा माणूस होताच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी. दोन कागद पाठीला पाठ चिकटवून केलेली चित्रं, त्यांची पोथी, समोर एकेक पान उभं धरून रामायण-महाभारतातली आख्यानं वाद्यांच्या साथीनं सांगायची. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यातल्या केळकर संग्रहालयात चित्रकथी परंपरेची जुनी चित्रं आहेत. मी ती पाहिली तेव्हा काचेमागची ती पानं मला मुकी वाटली. आमच्या भागात चित्रकथी नव्हते. आम्हाला तमाशा. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. शाळेत न गेलेल्या माझ्या पालकांना वगातली पल्लेदार वाक्यं तोंडपाठ असत. पुस्तकी मराठी त्यांनी ऐकून मिळवली होती, बोर्डावरून नव्हे.

छापील चित्रकथा वाडीपर्यंत उशिरा आल्या. 'चांदोबा' 1952 पासून मराठीत होता, 1964 मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ पुढं मराठीत बोलू लागला, 1971 मध्ये बालभारतीचं 'किशोर' निघालं. माझ्या शाळेत 'किशोर'चे अंक येत ते पानं सुटेपर्यंत फिरत. आता 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर खुले केले आहेत. निवृत्तीनंतर मी ते फोनवर पुन्हा वाचते.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली आणि ती कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. वाडीवर डिश टीव्ही आले आणि चार-पाच वर्षांत पोरं फडाफडा हिंदी बोलू लागली. शिकवलं कुणी? डोरेमॉननं. 1969 च्या अखेरीस फुजिको फुजिओंच्या मांगात जन्मलेलं ते निळं मांजर हिंदी शिकून आमच्या डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरात पोचलं होतं. मुलांना प्रत्येक वाक्य कळत नव्हतं. नोबिता रडतोय, जियान मारतोय, डोरेमॉन खिशातून काहीतरी काढतोय हे चित्रातून कळे, आणि त्याला चिकटून येणारा शब्द कानात बसे. पाचवीत हिंदीचं पुस्तक हातात पडलं तेव्हा निम्मी वाट चालून झालेली. हिंदीला हे जमतं, तर मग पुस्तकातल्या मराठीला आणि ठाकरीला का जमू नये, असा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

नाणेघाटात 'मान्सं कुठंयत' विचारणारा तो मुलगा पुढं आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात लागला. चाकण पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत. वरिष्ठ जपानहून येतात, यंत्रावरच्या सूचना जपानीत असतात. पस्तिशी उलटल्यावर त्यानं जपानी शिकायला घेतली, आणि वहीसकट एका रविवारी माझ्याकडं घोडेगावला आला. "बाई, ह्ये बघा. ह्यांची बाराखडी आपलीच हाय."

खरंच होती. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या क, च, ट-त, न, प, म, य, र, व याच क्रमानं. 'च'च्या जागी 'सा' आहे, आणि 'प'च्या जागी 'हा', कारण जपानीतल्या त्या 'हा'चा उच्चार पुरातन काळी 'पा' होता. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् ही लिपी चीनमार्गे जपानात गेली. कुकाई या भिक्षूनं 806 मध्ये चीनहून परतताना तिचं शिक्षण सोबत नेलं. मंत्र अचूक उच्चारता यावेत म्हणून तिथले पंडित संस्कृत वर्णमाला शिकले आणि त्याच साच्यात त्यांनी आपल्या अक्षरांचा क्रम बसवला. सिद्धम् ही ब्राह्मीच्याच वंशातली. आम्ही दोघं त्या वहीकडं बघत बसलो. ज्या अक्षरांतली नावं त्यानं आठव्या वर्षी पाटीवर काढली होती, त्यांचीच दूरची नात त्याच्या पुढ्यात होती.

व्याकरणानं त्याला फार छळलं नाही. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. 'चा'च्या जागी 'नो', 'ला'च्या जागी 'नी'. छळलं ते कांजीनं, त्या हजारो चित्राक्षरांनी. तिथं मांगा कामी आली. किशोरवयीन मुलांच्या मांगात कांजीच्या शेजारी बारीक अक्षरांत तिचा उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. बाराखडी आली की कुठलंही वाक्य मोठ्यानं वाचता येतं, अर्थ चित्रातून लागतो. पान उजवीकडून डावीकडं. आणि चित्रात सगळीकडं पसरलेले आवाज! गडगडाटाला 'गोरोगोरो', छातीतल्या धडधडीला 'दोकीदोकी', लुकलुकण्याला 'किराकिरा', रिमझिम पावसाला 'शितोशितो', मुसळधारेला 'झाऽझाऽ'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे शब्द घोकावे लागतात. मराठी माणसाला ते ओळखीचे वाटतात, कारण खळखळ, भुरभुर, टपटप, चुरचुर यांशिवाय आपल्याला बोलताच येत नाही. काहीच आवाज नसल्याचाही त्यांच्याकडं शब्द आहे. रिकाम्या चौकटीत मोठ्या अक्षरात 'शीऽन' असं लिहितात. आपलं चिडीचूप.

फोननं त्याला मोलाची साथ दिली. 'अँकी' नावाचं अॅप तो वापरे. विसरण्याच्या बेतात असलेला शब्द ते नेमका पुढं आणून धरतं. 'अँकी'चा जपानी अर्थच पाठांतर. पानावर कॅमेरा धरला की अर्थ सांगणारी सोयही होती. पण एक ठेच लागली. मांगातले नायक स्वतःला 'ओरे' म्हणतात, समोरच्याला 'ओमाए'. तेच शब्द त्यानं कारखान्यात वरिष्ठापुढं वापरले आणि तो गृहस्थ क्षणभर थिजला. आपल्या तू, तुम्ही, आपण या पायऱ्यांसारख्या, किंबहुना त्याहून बारीक पायऱ्या जपानीत आहेत, आणि फोननं त्या सगळ्या एकाच मापानं मोजल्या होत्या. कुणाला काय म्हणायचं हे त्याला शेवटी तिथल्याच एका वयस्क जपानी कामगारानं जेवणाच्या सुट्टीत, मांगाचं पान पुढ्यात घेऊन सांगितलं. पट्टी फिरत होती, बोलणारा आता भेटला.

औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेनं असंच काही केलं होतं. आता तो जिल्हा छत्रपती संभाजीनगर. 2019 मध्ये मुलांना विचारलं, कुठली परकी भाषा शिकाल? रोबोटच्या ओढीनं मुलांनी जपानी निवडली. शिक्षकांनी आधी व्हिडिओ आणि भाषांतराच्या अॅपवर सुरुवात केली, मग जपानी जाणणारा एक शिक्षक विनामोबदला ऑनलाइन शिकवू लागला, आणि ज्यांच्याकडं फोन होता ती मुलं, 'विषयमित्र' म्हणून, इतरांना शिकवू लागली. ही बातमी वाचून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, आपन उलटं करू. आपल्या वाडीची भाषा घालू फोनात."

तसं करायला साधनं आहेत. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' 2015 पासून खुलं आहे. चित्रकथा तिथं कुणालाही वाचता येतात, आपल्या भाषेत आणता येतात, नव्या रचता येतात. आम्ही एक गोष्ट धरली, धरणाची. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव आज गावठाणाच्या जागी नाही. डिंभे धरणात, हुतात्मा बाबू गेनू जलाशयाच्या पाण्याखाली ते गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. पाण्याच्या कडेच्या वाड्यांची खालची खाचरंही गेली. मी नोकरीत आले तेव्हा धरणाचं काम चालू होतं, पण बुडणं म्हणजे काय ते माझ्या विद्यार्थ्याच्या आजीला ठाऊक.

चौकटी त्यानंच काढल्या, फोनवर बोटानं. मांगासारख्या, एक आडवी, एक उभी, एक पानभर. आजीपुढं फोन धरायचा, ती बघायची आणि सांगायची, आवाज फोनातच साठवायचा. राब भाजण्याच्या चौकटीत तिनं त्याची चूक काढली, धूर उलट दिशेला काढलाय म्हणाली. आवणीच्या चौकटीत पायांच्या 'पचकपचक' आवाजावर ती मनसोक्त हसली. मग पाणी चढतं त्या पानावर आलो. सबंध पान निळं होतं, आणि त्याला एखादा आवाज हवा होता. त्यानं विचारलं, "आजे, पानी आलं तवा आवाज कसा झाला?"

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज कशाचा? रोज सकाळी बघावं, तर कालची मेर आज न्हाई."

आणि तिनं फोनवरच्या त्या निळ्या पानावर बोट ठेवलं. हितं म्हसोबा. हितं थोरलं खाचर. हितं चिंच. हितं आमची वळचण, हितं पानवठा, हितं पोरी आवणीला बसायच्या ती मेर. ती सांगत गेली तसं त्यानं जिथं बोट होतं तिथं ते नाव लिहिलं. दुसरं काही काढलं नाही.

मार्चमध्ये वाडीवरच्या शाळेत ती गोष्ट दाखवली. पहिलीतली एक मुलगी त्या पानापाशी थांबली आणि एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. म्ह, सो, बा.